कुलवृत्तांत आणि दफ्तराची साक्ष

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ज्याला कधी स्वतंत्र प्रकरण लाभले नाही, परंतु ज्याची ग्रंथसंख्या उपेक्षणीय नाही, असा एक लेखनप्रकार आहे. तो म्हणजे कुलवृत्तांत. एखाद्या आडनावाची मंडळी एकत्र येतात, वर्गणी जमते, घरोघरी पत्रके जातात, आणि चार-पाच वर्षांच्या खटपटीनंतर कुलसंमेलनात एका जाडजूड ग्रंथाचे प्रकाशन होते. मूळ पुरुष, कुलदैवत, गोत्र, शाखा, उपशाखा, नामवंतांची चरित्रे आणि शेवटी वंशवृक्ष असा त्याचा सर्वसाधारण बांधा असतो. हा ग्रंथ दुकानात येत नाही. त्यावर अभिप्राय छापून येत नाही. घराण्याबाहेरचा मनुष्य तो सहसा उघडीत नाही. टीकाकारांनी त्याची दखल घेतली नाही यात आश्चर्य नाही. आश्चर्य आहे ते याचे की, जी दखल आपण घेतली नाही ती परस्थांनी घेतली. शिकागो विद्यापीठातील ग्रंथपाल व अभ्यासक मॉरीन पॅटरसन यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात चित्पावन घराण्यांच्या कुलवृत्तांतांचा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाची साधने म्हणून विचार केला. जे आपणांस घरगुती वाटले ते त्यांना इतिहासाचे द्रव्य वाटले.

प्रस्तुत लेखात या प्रकाराचे गुणदोष पाहण्याचा विचार आहे, आणि त्यासाठी एकच कसोटी लावावयाची आहे. कुलवृत्तांताचे सरकारी दफ्तराशी नाते कोणते? माझे मत असे की, बहुतेक कुलवृत्तांतांत दफ्तर हा अलंकार असतो, साक्षीदार नसतो. एखादी सनद सापडली तर तिचे छायाचित्र आरंभी छापले जाते; परंतु त्याच दफ्तरातील जो कागद घरच्या आख्यायिकेच्या विरुद्ध बोलतो, तो मात्र रुमालातच राहतो. या एका उणिवेमुळे हा लेखनप्रकार इतिहासही होत नाही आणि वाङ्मयही होत नाही.

वास्तविक मराठीतील घराण्यांच्या कथनाचा जन्मच मुळी दफ्तरात झालेला आहे. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभेपुढे वादी-प्रतिवादींनी आपापली हकीकत लिहून द्यावयाची. आपला पूर्वज कोण, तो या गावी कसा आला, वतन कोणी दिले, कोणी बळकावले, कोणाचा खून पडला, कोण परागंदा झाला, हे सारे त्या करीन्यात, तक्रारीत वा कैफियतीत यावयाचे. जेधे देशमुखांचा करीना हा या जातीचा सुप्रसिद्ध नमुना. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी कान्होजी जेधे मुलांसह शिवाजी महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले, हा प्रसंग त्यात ज्या थोडक्या शब्दांत येतो त्याचे सामर्थ्य कोणाही कादंबरीकाराने हेवा करावा असे आहे. त्याच घराण्यातून मिळालेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. महाराजांच्या जन्मतिथीचा शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया हा दाखला त्या शकावलीने पुढे आणला, आणि परमानंदाच्या शिवभारताचा तिला दुजोरा मिळाला. एका देशमुखाच्या घरातील टिपणाने राष्ट्राच्या इतिहासातील तारीख हलविली, ही गोष्ट कुलवृत्तांत लिहिणाऱ्यांनी नित्य ध्यानी धरण्यासारखी आहे.

पेशवाई गेल्यानंतर या लेखनाला दुसरे निमित्त मिळाले. इनाम जमिनींच्या हक्कांची चौकशी करण्यासाठी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार प्राप्त झाले, आणि दख्खन व दक्षिण महाराष्ट्र येथील हजारो इनामदारांना आपला हक्क शाबीत करणे भाग पडले. मूळ सनद दाखवा, तेव्हापासूनची वंशावळ मांडा, मधल्या प्रत्येक वारसाचा पुरावा द्या, असा तगादा लागला. पूर्वी ज्यांनी आपली वंशावळ कधी कागदावर उतरविली नव्हती, त्यांना ती सरकारी तगाद्यामुळे उतरवावी लागली. पुण्याच्या पेशवे दफ्तरास पुढे एलिनेशन ऑफिसचे जे नाव पडले, ते या इनामांच्या कारभारामुळेच. त्या दफ्तरातील घराण्यांच्या हकीकतींचा एक संग्रह पुरुषोत्तम विश्राम मावजी आणि दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी ‘कैफियती, यादी वगैरे’ या नावाने १९०८ साली छापला. तो आज वाचला म्हणजे दिसते की, कैफियत लिहिणारा मनुष्य स्तुतीसाठी लिहीत नाही, उदरनिर्वाहासाठी लिहितो. त्यामुळे तो अडचणीच्या गोष्टी टाळू पाहतो, परंतु त्याचा भाऊबंद त्या सांगून टाकतो. दोन कैफियती शेजारी ठेवल्या की घराण्याचे खरे चित्र उमटू लागते.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. दफ्तरात लिहिले आहे, किंवा पाषाणावर कोरले आहे, एवढ्याने कोणतीही गोष्ट खरी ठरत नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा विस्तृत मराठी शिलालेख आहे. तो दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली कोरविला. याहून सार्वजनिक असा कुलवृत्तांत मराठीत दुसरा नसेल. तथापि त्यातील कित्येक तपशील इतिहासकारांनी ग्राह्य मानलेले नाहीत. मग त्याचे मोल काय? १७९९ च्या तहाने सरफोजींच्या हातून राज्यकारभार गेला होता. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी त्यांनी आपल्या कुळाची कीर्ती दगडावर उतरविली. जे राज्य उरले नाही त्याची वंशावळ तरी अक्षय राहावी, ही व्यथा त्या अक्षरांमागे दिसते. शिलालेख पूर्वजांविषयी जेवढे सांगतो त्यापेक्षा तो कोरविणाऱ्याविषयी अधिक सांगतो. ‘हे केव्हा लिहिले गेले, आणि कोणत्या गरजेपोटी?’ हा प्रश्न प्रत्येक कागदाला विचारावयास हवा.

आता आजच्या कुलवृत्तांतांकडे वळू. त्यांचे दोष मुख्यतः तीन.

पहिला दोष मूळ पुरुषाविषयीचा. दोघे-तिघे भाऊ कोकणातून घाट चढून आले, एक येथे राहिला, एक तेथे गेला. अथवा पूर्वज उत्तरेकडील एखाद्या राजकुळातून आले. ही कथा इतक्या घराण्यांत इतक्या सारख्या रूपाने आढळते की, ती इतिहास नसून कथाबंध आहे हे कोणाच्याही ध्यानात यावे. मला आख्यायिकेचे वावडे नाही. परंतु ती आख्यायिका म्हणून सांगावी, आणि दफ्तरातील पहिला उल्लेख कोणत्या सालचा व कोणत्या गावचा, हे तिच्या शेजारी स्वच्छ लिहावे. दोहोंमधील अंतर दोनशे वर्षांचे असले तरी ते लपविण्याचे कारण नाही.

दुसरा दोष मौनाचा. घरात दत्तक आला असेल तर तो पोटचा म्हणून दाखवावा, कर्जापायी जमीन गेली असेल तर ‘स्थलांतर केले’ म्हणावे, भाऊबंदकी झाली असेल तर ‘शाखा वेगळ्या झाल्या’ म्हणावे, हा शिरस्ताच पडला आहे. दफ्तराला असा संकोच नसतो. इनामदाराने दत्तक घ्यावयाचा तर सरकारची परवानगी आणि नजराणा लागे. त्यामुळे घर जे विसरले ते दफ्तरात तारीखवार नमूद आहे. मृत्यूंचेही तसेच. ‘अल्पवयात निवर्तले’ असे तीन भावंडांबद्दल वृत्तांतात छापलेले असते. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत त्या तिघांची नावे १९१८ च्या एकाच पंधरवड्यात सापडली, तर ती इन्फ्लुएंझाच्या साथीची कहाणी आहे हे उमगते. वृत्तांतातील शब्द खोटा नव्हता, परंतु त्याने एका घरावर कोसळलेले आभाळ झाकून टाकले.

तिसरा दोष स्त्रियांसंबंधीचा. जुन्या वंशावळींत तर कन्यांना स्थानच नसे. अलीकडच्या ग्रंथांत सासर-माहेरची नावे येतात ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु नाव येणे निराळे आणि मनुष्य येणे निराळे. स्त्री दफ्तरात कोठे भेटते? पतीच्या निधनानंतर वारस म्हणून, अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून, गहाणखतावर अंगठा उठविणारी म्हणून, आणि बहीण असेल तर भावाच्या नावे हक्कसोड पत्र करून देताना. माहेरच्या सातबाऱ्यावर ती ज्या नोंदीने येते त्यानंतरच्याच एखाद्या नोंदीने पुसली जाते. या दोन फेरफारांच्या मध्ये एक संपूर्ण कथा असते. आपल्या किती कुलवृत्तांतकारांनी ते दोन फेरफार काढून पाहिले आहेत?

कोणी म्हणेल, दफ्तर पाहावे हे खरे, परंतु ते पाहावे कोठे? याचे उत्तर वाटते तितके अवघड नाही. शोध नेहमी ज्ञाताकडून अज्ञाताकडे न्यावा: आजोबांपासून आरंभ करावा, मूळ पुरुषापासून नव्हे. गाव, तालुका आणि अदमासे साल या तीन गोष्टी हाती असल्या की वाट सापडते. मुंबई इलाख्यात विसाव्या शतकाच्या आरंभी हक्कनोंदीची पद्धत सुरू झाली. तेव्हापासूनचे फेरफार व वारस नोंदी तालुक्याच्या अभिलेख कक्षात मिळतात. त्याच्या मागे भूमापनाचे कागद, नोंदणी कार्यालयातील खरेदीखते, मृत्युपत्रे व दत्तकपत्रे. त्याच्या मागे इनामाची चौकशी. आणि सर्वांच्या मागे पेशवेकालीन मोडी रुमाल. या रुमालांत आडनावांवर विसंबून चालत नाही. तेथे ‘अमका बिन तमका’ आणि स्त्री असेल तर ‘अमकी कोम तमका’ अशी ओळख असते. सन शुहूर वा फसली असतो. ‘बिन’ म्हणजे पुत्र आणि ‘कोम’ म्हणजे पत्नी एवढे न समजल्यामुळे पत्नीस कन्या ठरविल्याचे प्रमादही होऊ शकतात.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या मराठी वस्त्यांना मात्र एक जादा अडचण आहे. राज्यांच्या सीमा बदलल्या, कागद मात्र जेथले तेथे राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातील चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. परिणामी चंदगडच्या कुटुंबाने जुन्या जिल्ह्याचे कागद बेळगावात पाहावे, आणि बेळगावच्या कुटुंबाने इनामाचे कागद पुण्यात पाहावे, अशी स्थिती आहे. आणि ज्या घराचे जुने कागद मोडीत आहेत त्याचा नवा उतारा कानडीत आहे. बडोद्याच्या मराठी घराण्यांचा कारभार गायकवाडी दफ्तरात आहे. परंतु पूर्वज मेहसाणा, नवसारी वा अमरेली प्रांतात नोकरीस असेल तर त्या त्या प्रांताकडेही पाहावे लागते. इंदूर-ग्वाल्हेरकरांना होळकर-शिंद्यांच्या दरबारी कागदांखेरीज गत्यंतर नाही. मराठवाड्यातील देशमुख-देशपांड्यांचे कागद फारशी व उर्दूत निजामाच्या दफ्तरात गेले. गोव्याची परंपरा तर निराळीच. तेथील पुराभिलेखागाराचा आरंभ १५९५ सालचा. गावकऱ्यांच्या पोर्तुगीज नोंदींबरोबर मोडी कागदही तेथे जपलेले आहेत. चर्चच्या बाप्तिस्मा-विवाहाच्या वह्या, देवस्थानांच्या महाजनांच्या याद्या आणि विसाव्या शतकातील नागरी नोंदणी ही साधने तेथे हाताशी आहेत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्या दफ्तरात आयुष्य वेचून मराठ्यांच्या इतिहासाची जी सेवा केली ती सर्वश्रुत आहे. त्याच कपाटांत घराघरांचा इतिहासही आहे, याकडे मात्र आपले लक्ष कमी गेले.

आणखी एक दफ्तर आहे, आणि ते आपणां शिक्षकांच्याच ताब्यात आहे. शाळेचे जनरल रजिस्टर. याविषयी एक अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

काही वर्षांपूर्वी एक सुविद्य गृहस्थ आपल्या आजोबांची नोंद पाहण्यासाठी माझ्याकडे आले. त्यांच्या घराण्याचा वृत्तांत छापावयाचा होता आणि आजोबांवरचा लेख त्यांच्याकडे होता. आजोबांनी १९४२ च्या चळवळीत महात्माजींच्या हाकेसरशी शाळा सोडली, असे त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. आम्ही दोघांनी मिळून जीर्ण पाने उलटली. नोंद सापडली. नाव १९४१ साली कमी झालेले. कारणाच्या रकान्यात ‘फी बाकी, सतत गैरहजर’. गृहस्थ स्तब्ध झाले. मी त्यांना गावचा फेरफार पाहण्याची सूचना केली. त्यांनी तो काढला. त्याच वर्षी आजोबांचे वडील वारले होते. वारस म्हणून अज्ञान मुलाचे नाव आणि पालनकर्ती म्हणून त्याच्या आईचे. मग घरातील एका वृद्ध आत्याबाईंना आठवले की, वडील गेल्यावर मुलगा वाण्याच्या दुकानात राहिला होता आणि आई लोकांच्या घरी दळणकांडण करीत होती.

मुलाने पुढे चळवळीत भाग घेतला असेलही. परंतु शाळा सुटली ती दारिद्र्याने. वृत्तांत प्रसिद्ध झाला तेव्हा मला त्याची प्रत सप्रेम भेट आली. त्यात आजोबांनी १९४२ सालीच शाळा सोडली होती, आणि त्या माउलीचे नाव वंशवृक्षात एका कंसात होते. ते गृहस्थ अप्रामाणिक नव्हते. वडीलधाऱ्यांना दुखवू नये एवढाच त्यांचा हेतू होता. आणि मीही प्रकाशनापूर्वी त्यांना पुन्हा लिहिले नाही. ‘ही नोंद तुमच्या घराण्याचा कमीपणा नव्हे, तोच तुमच्या ग्रंथातील सर्वांत मोठा पराक्रम आहे’ असे सांगावयास हवे होते, ते सांगितले नाही. ती चूक माझ्या मनास अद्याप टोचते. त्या ग्रंथात दिवाण आहेत, मामलेदार आहेत, वकील आहेत. परंतु दळण दळून पोरगा वाढविणारी बाई नाही, आणि त्या घराण्याचा आजचा विस्तार तर तिच्याच पोटचा.

अर्थात रजिस्टरही धुतल्या तांदळासारखे नाही, हे आपणांइतके कोणास ठाऊक? १ जून या दिवशी जन्मलेल्यांची आपल्याकडे किती गर्दी आहे! पालकांस तारीख ठाऊक नसे. गुरुजी मुलाकडे पाहून वय ठरवीत आणि शाळेच्या वर्षाला सोयीची तारीख घालीत. म्हणून जन्मतारखेच्या बाबतीत रजिस्टरचा पुरावा दुबळा, परंतु शाळा सोडण्याच्या कारणाच्या बाबतीत तो बळकट. कारण तेथे खोटे लिहिण्यात गुरुजींचा काही लाभ नव्हता. साधनांची पारख म्हणतात ती हीच. कुलवृत्तांतकारास ती साधली पाहिजे.

या विषयाला आज केवळ वाङ्मयीन वा कौटुंबिक महत्त्व राहिलेले नाही. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने मराठवाड्यातील जुन्या कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली, आणि शाळांची रजिस्टरे, जन्म-मृत्यूच्या वह्या, महसुली कागद यांची कपाटे उघडली गेली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा एकाएकी शोध सुरू झाला. आरक्षणाच्या प्रश्नाची चर्चा हा या लेखाचा विषय नव्हे. परंतु ज्या लिपीकडे आपण पाऊणशे वर्षे पाठ फिरविली, तिच्यावाचून सामान्य मनुष्याचे अडू शकते, एवढे तरी त्यातून सर्वांना कळून चुकले.

आणि ज्यांचा कुलवृत्तांत कधी छापला गेला नाही, त्यांचे काय? संमेलन भरविण्यास पैसा लागतो, वंशावळ जपण्यास वतन लागते. ज्यांना दोन्ही नव्हते त्यांना इतिहास नव्हता असे नव्हे. जुन्या महजरांवर गोतसभेस हजर असलेल्या लोकांच्या निशाण्या असतात. लिहिता न येणाऱ्या कुणब्याने नांगर काढलेला असतो, न्हाव्याने आरसा, महाराने विळा-दोर. ज्या कागदाने देशमुखाच्या वतनाचा निवाडा झाला त्या कागदावर हीदेखील साक्ष आहे, आणि तिच्यावाचून तो निवाडा पुरा होत नव्हता. देशमुखाच्या वंशजांनी तो महजर आपल्या ग्रंथात छापताना बहुधा पहिली पाच नावे दिली आणि खालच्या निशाण्या गाळल्या. त्या निशाण्या छापणे आणि त्यांच्यापुढची नावे वाचणे हे पुढील पिढीच्या कुलवृत्तांतकाराचे कर्तव्य आहे. एका घराण्याचा प्रामाणिक वृत्तांत हा नेहमी गावाचा वृत्तांत होऊ लागतो. तसा तो होत नसेल तर काहीतरी गाळले गेले आहे असे खुशाल समजावे.

आपल्या परिषदेने या बाबतीत थोडे मनावर घेतले तर पुष्कळ होण्यासारखे आहे. दर वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत मोडीचा एक वर्ग भरवावा. आपल्या विभागातील जी जुनी रजिस्टरे शंभरी ओलांडून गेली आहेत, त्यांची कसर-वाळवीपासून निगा राखावी व छायाचित्रे करून घ्यावीत. आणि परिषदेच्या या पानांत, जसे काव्यसंग्रहांचे व कादंबऱ्यांचे परीक्षण येते, तसे कुलवृत्तांतांचेही येऊ द्यावे. टीका झाली तर लेखन सुधारेल. आज कुलवृत्तांत लिहिणाऱ्यास आप्तांच्या कौतुकाखेरीज दुसरा वाचक नाही. म्हणून तो आप्तांना आवडेल तेच लिहितो. त्याला एक परका, परंतु सहृदय वाचक मिळवून देणे हे टीकेचे काम आहे. ते गृहस्थ आपल्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती काढणार असल्याचे अलीकडेच कळले. या वेळी मी त्यांना पत्र लिहिले आहे, आणि सोबत रजिस्टरमधील त्या ओळीची प्रमाणित नक्कल जोडली आहे.